मायनस सहाचा कॅप्टन

सोमवारी सकाळी केशरबाईंनी उगवण कपाट उघडलं, तेव्हा वरच्या खणात मक्याचे ट्रे होते, मधल्या खणात कपाशीचे होते आणि खालच्या खणात चार गॉगल होते. प्रत्येक गॉगलवर चिठ्ठी चिकटवलेली. एकावर 'साबण', दुसऱ्यावर 'टूथपेस्ट', तिसऱ्यावर 'बटाटा' आणि चौथ्यावर 'काही न लावलेला'. केशरबाई बावीस वर्षं जालन्यातल्या त्या बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. ओल्या कागदावर बी मांडायचं, कपाटाच्या दमट उबेत आठवडाभर ठेवायचं आणि किती उगवलं ते मोजायचं, हे त्यांना झोपेतसुद्धा जमलं असतं. पण गॉगल उगवायला घातलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यातून बटाटावाल्या गॉगलवर बारीक हिरवी बुरशी धरलेली. त्यांनी शिस्तीप्रमाणे नोंदवहीत तसं लिहिलं आणि मग नरहररावांना हाक मारली.

नरहर हा त्या प्रयोगशाळेचा प्रमुख. वय चव्वेचाळीस, स्वभाव गरीब गाईचा, आणि दोन्ही डोळ्यांना मायनस सहाचा नंबर. चष्मा नाकावर असला की हा माणूस दोनशे दाण्यांतला एक किडका दाणा उभ्या उभ्या उचलून दाखवायचा. चष्मा काढला की मात्र भिंत कुठली आणि दार कुठलं, हे हाताने चाचपून ठरवायचा. आता असा माणूस गॉगलच्या नादी का लागला, असं तुम्ही विचाराल. तर त्याला कारण कंपनीचं वार्षिक स्नेहसंमेलन.

पूर्वी या संमेलनात लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची असायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण विक्री विभागाचे राजानंद साहेब एकदा पुण्याला जाऊन आले आणि तिथून एअरसॉफ्टचं वेड घेऊन आले. म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका, त्यात तुरीच्या दाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या, आणि दोन टोळ्यांनी ड्रम-पोत्यांच्या आडून एकमेकांना मारायचं. या गोळीचा डाग पडत नाही, त्यामुळे ज्याला लागली त्याने स्वतःच हात वर करून 'हिट' म्हणायचं आणि मैदानाबाहेर जायचं. सगळा खेळ माणसाच्या खरेपणावर चालतो. आणि नियम एकच पक्का, डोळ्यांवर जाड गॉगल नसेल तर मैदानात पाऊल नाही. साधा चष्मा चालत नाही, कारण तो फुटला तर काच डोळ्यात.

गेल्या वर्षी आयोजकांनी दिलेला गॉगल नरहरच्या चष्म्यावर बसेना. तेव्हा साहेबांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, की नरहरराव, चष्मा ठेवा खिशात, जे हलेल त्याला मारा. नरहरने मारलं. समोर एक उंच माणूस हात पसरून उभा होता आणि वाऱ्याने हलत होता. नरहरने त्याच्यावर अख्खं मॅगझिन रिकामं केलं, तरी तो हात वर करेना. शेवटी नरहर त्याच्याजवळ गेला आणि आवाज चढवून म्हणाला, "अहो, चाळीस गोळ्या लागल्या तुम्हाला. जरा तर खरं बोला."

ते शेजारच्या वावरातलं बुजगावणं होतं.

त्याचा व्हिडिओ निघाला. कंपनीच्या ग्रुपवर तो दिवाळीच्या शुभेच्छांपेक्षा जास्त फिरला. हसणाऱ्यांचं नरहरला काही वाटलं नाही, कारण जालन्यात माणूस हसला म्हणजे त्याने तुम्हाला आपलं मानलं, असं तो धरून चालायचा. त्याला लागलं ते वेगळंच. त्याची आठवीतली मुलगी स्वरा त्या दिवशी जाळीपलीकडे उभी होती. सगळे पोट धरून हसत होते आणि ती एकटी मान खाली घालून बुटाने माती उकरत होती. ते चित्र काही नरहरच्या मनातून जाईना. वर्षभर त्याने एकच गोष्ट मनाशी धरली होती. पोरीला आपल्या बापापायी मान खाली घालायची वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही.

म्हणून यंदा त्याने चष्म्यावरून बसेल असा मोठा गॉगल आणला. तो बसला, पण दोन मिनिटांत आतून वाफ धरून डोळ्यांसमोर दुधाची पिशवी लटकावल्यासारखं दिसायला लागलं. त्यावर ऑफिसात प्रत्येकाकडे औषध होतं. कुणी म्हणालं साबण, कुणी टूथपेस्ट, तर कुणी बटाट्याची फोड घासा म्हणालं. दुसरा कुणी असता तर त्याने एक उपाय निवडला असता. पण नरहर पडला बियाणं तपासणारा. सांगोवांगी गोष्टींवर त्याचा विश्वास नाही. त्याने चार गॉगल मिळवले, प्रत्येकाला वेगळा उपाय केला, तुलनेसाठी एक कोरा ठेवला आणि दमट हवेत प्रयोग लावला. निकाल असा निघाला, की बाकी सगळं थोतांड आणि साबण अकरा मिनिटं. खेळ होता अर्ध्या तासाचा.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण केशरबाई नोंद वाचून दाखवत असतानाच राजानंद साहेब आत आले. त्यांनी गॉगल पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या, 'बटाटा, बुरशी आहे' ही नोंद दोनदा वाचली आणि आनंदाने त्यांचा चेहरा फुलला.

"नरहरराव, इतकी तयारी करून राह्यले अन् आम्हाला पत्ता न्हाई? मंग यंदा लाल टीम माझी, पिवळीचे कॅप्टन तुम्ही. ठरलं बरं का."

नरहरला फक्त जगायचं होतं, कॅप्टन व्हायचं नव्हतं. पण साहेबांपुढे नाही म्हणायची त्याची चौदा वर्षांत जीभ वळली नव्हती, ती आज कुठली वळणार?

शनिवारी कँटीनमध्ये चहाबरोबर टीम पाडायचा कार्यक्रम झाला. सगळ्यांच्या बायका-मुलांना बोलावलेलं. मुलांनी आपापला कॅप्टन स्वतः निवडायचा, अशी साहेबांची लोकशाही. स्वराची पाळी आली तेव्हा नरहरने उगाच शर्टाची कॉलर सारखी केली. स्वरा उठली, बापाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, "मी राजानंदकाकांच्या टीममध्ये."

कँटीनमध्ये हसू फुटलं. नरहरही हसला, इतरांपेक्षा थोडा उशिरा आणि थोडा जास्त. रात्री जेवताना भाजीत मीठ नाही हे त्याला कळलं नाही, यावरून त्याच्या बायकोने, रजनीने ओळखलं की मामला गंभीर आहे. लेकरू आहे, मनावर घेऊ नका, असं तिने समजावलं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. नरहरच्या मनाने घेतलं होतं, की पोरीला आपली लाज वाटते.

तीन आठवडे त्याच्या मनात हेच घोळत राहिलं. मग खेळाच्या आठवड्यात, सोमवारी संध्याकाळी तो डोळ्यांच्या दुकानात जाऊन लेन्स घेऊन आला. बुबुळावर चिकटवायच्या त्या लेन्स तिथल्या माणसाने चुटकीसरशी बसवून दाखवल्या होत्या. मंगळवारी सकाळी घरी मात्र नरहरचं बोट जवळ आलं की डोळा दार लावून घ्यायचा. तासाभराने उजवी बसली. डावी आधी भुवईवर बसली, मग गालावर, आणि शेवटी मोरीतून थेट नगरपालिकेच्या हद्दीत गेली. ऑफिसला उशीर होत होता. एक तर एक, असं म्हणत नरहर एका डोळ्याने स्कूटर चालवत निघाला. जुन्या जालन्यातल्या धान्याच्या गल्लीत पोती उतरवणं चालू होतं. हरभऱ्याची धूळ उडाली आणि तिच्यातला एक कण नेमका लेन्सच्या आत गेला.

आता डोळा असा काही वाहायला लागला, की विचारू नका. नरहर स्कूटर बाजूला लावून रुमालात तोंड घालून उभा राहिला. आपल्याकडे रस्त्यात पुरुष रडताना दिसला तर लोक कारण विचारत नाहीत, थेट खांद्यावर हात ठेवतात. एका व्यापाऱ्याने पाणी आणलं, दुसऱ्याने 'कोणाच्या हातात असतं का ते' म्हणून धीर दिला. त्या गर्दीत भोकरदनचा एक शेतकरी होता, त्याने नरहरला ओळखलं. त्याने लगेच गावाकडे फोन करून नरहरच्या मेहुण्याला, मच्छिंद्रला कळवलं, की तुमचे दाजी जालन्यात भर रस्त्यात ढसाढसा रडून राह्यले. मच्छिंद्रने बहिणीला फोन लावला. रजनी शाळेत शिकवत होती, फोन पर्समध्ये. तीनदा लावून उचलला नाही म्हटल्यावर मच्छिंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हातातलं काम टाकलं आणि मिळेल त्या बसने जालना गाठलं.

संध्याकाळी नरहर घरी आला, तर ओट्यावर मच्छिंद्र खांद्यावर टॉवेल टाकून बसलेला, आणि त्याच्याभोवती गल्लीतली पाच-सहा माणसं गप्प उभी. मच्छिंद्रने नरहरचा लाल डोळा पाहिला आणि खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला.

"दाजी, मी मन घट्ट करून आल्तो. कोण गेलं, सरळ सांगा."

"डावी लेन्स," नरहर म्हणाला.

शोकसभा पांगायला थोडा वेळ लागला. आलाच आहेस तर जेवून जा म्हणून मच्छिंद्रला ठेवून घेतलं, आणि सगळी हकीकत ऐकल्यावर तो इरेला पेटला. फवारणी करणाऱ्या माणसाला डोळ्यांचं काय शिकवता, असा त्याचा पवित्रा. त्याने रजनीची पिठाची चाळणी मागून घेतली, तिची जाळी कापून गॉगलच्या काचेच्या जागी बसवली आणि दाजींच्या चष्म्यावर चढवली. जाळीत वाफ धरायचा प्रश्नच नव्हता. हवा खेळती, चष्मा आत सुखरूप. पण आयोजकांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी घरी केलेला गॉगल बिलकुल चालणार नाही म्हणून कळवलं. रजनीला चाळणी गेल्याचं दुःख झालं, मच्छिंद्रला कलेची कदर नसल्याचं. तो सकाळच्या बसने निघून गेला.

खेळाला आता चार दिवस उरले होते. नरहरने आयोजकांच्या यादीतला चांगल्या बनावटीचा गॉगल खोक्यासकट उचलला आणि मस्तगड भागात बद्रीनाथशेठच्या दुकानात गेला. बद्रीनाथशेठ वय वर्षं सत्तर, चष्म्याच्या धंद्यात पन्नास. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की लोक चष्म्यावर गॉगल चढवतात म्हणून भांडण लागतं. तुमच्या नंबरच्या काचा एका छोट्या फ्रेममध्ये घालून ती फ्रेम गॉगलच्या आतच बसवू. बाहेरच्या काचेला हात लावायचा न्हाई, म्हणजे गोळीचं काम गॉगल करील, दिसायचं काम काच करील. कानाच्या काड्या न्हाईत, मंग फटीतून हवा पण बराबर खेळंल.

इतकी सरळ गोष्ट या शहरात इतक्या दिवसांत कुणी बोललं नव्हतं. शनिवारी गॉगल तयार झाला. नरहरने साबणाचा हात मारून तो चढवला आणि बद्रीनाथशेठच्या समोरच्या दुकानाची पाटी वाचली, पाटीखालची बारीक अक्षरं वाचली, तिच्यावर चालणारी मुंगी पाहिली. त्याला वाटलं, शेठच्या पाया पडावं. शेठ नको नको म्हणेपर्यंत तो पडलाही.

रविवारी भोकरदन रस्त्यावरच्या एका शेतात दोन्ही टीम उतरल्या. सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे, डोळ्यांवर गॉगल, दंडाला लाल किंवा पिवळी पट्टी. जाळीपलीकडे बाकीची मंडळी भेळ खात बसलेली. सुरुवातीलाच कुणीतरी ओरडलं, की बुजगावण्याला पिवळी पट्टी बांधा रे, नाहीतर नरहरराव पुन्हा भांडतील. नरहरने तिकडे लक्ष दिलं नाही.

आणि मग जे झालं ते कुणाच्या स्वप्नात नव्हतं. नरहरला दिसत होतं. पोत्यांच्या फटीतून डोकावणारी लाल पट्टी त्याला साठ पावलांवरून दिसत होती. किडका दाणा हेरणारी नजर ती, तिला माणूस कितीसा लहान? पाचव्या मिनिटाला त्याने पहिला गडी टिपला, दहाव्याला आणखी दोन. जाळीपलीकडची भेळ हातातच राहिली. त्याची स्वतःची माणसंही एकेक करून बाद झाली, पण तो टिकला. विसाव्या मिनिटाला त्याने ड्रमाआडच्या राजानंद साहेबांच्या खांद्यावर गोळी मारली. साहेब म्हणाले, ते पान पडलं. दुसरी मारली, तर वारा होता. तिसरी हेल्मेटवर टणकन वाजली आणि ती जाळीपलीकडेही ऐकू गेली, तेव्हा साहेबांनी नाइलाजाने हात वर केला.

आता पिवळ्या टीमचा एकटा नरहर उरला होता आणि लाल टीमचं एकच कुणीतरी. नरहर वाकून पुढे सरकला, गवताच्या गंजीला वळसा घातला आणि उघड्यावर आला. समोर वीस पावलांवर स्वरा उभी होती. बंदूक थेट त्याच्यावर रोखलेली.

संपलं, असं नरहरला वाटलं. तो जागच्या जागी थांबला. पण गोळी येईना. स्वरा त्याच्याकडेच पाहत होती आणि मारत नव्हती. एक क्षण गेला, दोन गेले. नरहरला वाटलं, शेवटी लेक आहे, बापावर हात उचलवत नाही तिला. आपण उगाच महिनाभर पोरीबद्दल वाकडं मनात आणलं. त्याचे डोळे भरून येणार, इतक्यात बद्रीनाथशेठच्या स्वच्छ काचांतून त्याला तिचे डोळे दिसले.

ते बारीक केलेले होते. भुवया आवळलेल्या, मान किंचित तिरकी, हनुवटी पुढे काढलेली. नरहरने ती मान ताबडतोब ओळखली. त्याला पहिला चष्मा लागायच्या आधी दोन वर्षं तो स्वतः जगाकडे असाच पाहायचा.

"कोण हाय तिकडं?" स्वराने हळूच विचारलं. "काका, तुम्ही का?"

तिला समोर माणूस दिसत होता, पण त्याच्या दंडावरची पट्टी लाल की पिवळी, ते दिसत नव्हतं. साहेब बाद झाल्याचंही तिला कळलं नव्हतं. नरहरचं बोट चापावर होतं. एक दाब, आणि पिवळी टीम जिंकली. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते सगळं त्या एका बोटाखाली आलं होतं. पण ते बोट त्याने चापावरून काढलं.

"न्हाई गं," तो म्हणाला. "मी हाय. पप्पा."

स्वराने आवाजाच्या रोखाने लगेच गोळी झाडली. ती नरहरच्या पोटावर बसली, चांगलीच बसली.

"हिट," म्हणत नरहरने हात वर केला. लाल टीमने आरोळी ठोकली, साहेब नाचत आत आले, आणि पिवळ्या टीमच्या लोकांनी कपाळावर हात मारून घेतले. हातातोंडाशी आलेला घास कॅप्टनने तोंडाने घालवला, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर नरहर स्वराला पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेला. दोघं सावलीत बसली.

"फळ्यावरचं दिसतं का तुला?" त्याने विचारलं.

स्वराने आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं. दिवाळीपासून दिसत नव्हतं. मैत्रिणीच्या वहीतून ती उतरवून घेत होती. आधी का सांगितलं नाहीस, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की चष्मा लागला तर सगळे पप्पांना हसले तसे तिलाही हसतील. ते ऐकून नरहरला लागलं, पण त्याने ते दिसू दिलं नाही. मग त्याने महिनाभर घशात अडकलेला प्रश्न विचारला. माझ्या टीममध्ये का नाही आलीस?

"पप्पा, तुम्हाला दिसत न्हाई, मला दिसत न्हाई," स्वरा म्हणाली. "एका टीममध्ये दोघं कशाला? एक तरी दिसणारा माणूस नको का? यंदा तुम्हाला दिसतंय, हे मला कुठं माहीत होतं."

नरहर हिशेब बघत राहिला. हिशेब बरोबर होता. यात लाज नव्हती, राग नव्हता. होता तो निव्वळ व्यवहार, आणि तो तिने आईकडून उचलला होता. त्याच्या छातीवरचा महिन्याभराचा धोंडा उतरला. तरी एक गोष्ट त्याला कळत नव्हती.

"पण मी हाय म्हटल्यावर तरी थांबायचंस. उलट लगेच मारली."

"तुम्ही होता म्हणूनच मारली ना," स्वरा म्हणाली. "मी मारलेली गोळी लागली का न्हाई, तेच मला दिसत न्हाई. दुसरं कुणी असतं तर वारा होता म्हणलं असतं. तुम्ही बराबर सांगताल, एवढं मला माहीत होतं."

पोरीच्या नजरेत भरावं म्हणून नरहरने साबण, बटाटा, लेन्स आणि चाळणी सगळं करून पाहिलं होतं, आणि तिने त्याला कधीच जोखून ठेवलं होतं. थोड्या वेळाने बक्षीस समारंभ झाला. लाल टीमला ढाल मिळाली आणि स्वराला साहेबांनी खांद्यावर घेतलं. सगळ्यात जोरात टाळ्या हरलेल्या टीमचा कॅप्टन वाजवत होता. कुणी विचारलं, की नरहरराव, हरून एवढा आनंद कशाचा, तर तो शर्ट वर करून पोटावरचा लाल ठिपका दाखवायचा आणि सांगायचा, "माझ्या पोरीनं मारलीय. बराबर लागली."